दाताच्या रंगाचा हिरा

ज्याला दात करता येतात त्याला जगातलं काहीही करता येतं, असं माझं ठाम मत होतं. 'होतं' हा शब्द कृपया लक्षात ठेवा!

माझी डेंटल लॅब आहे. डॉक्टर तुमच्या तोंडात गुलाबी लगदा कोंबून माप घेतात ना, ते माप माझ्याकडे येतं. मग मी त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, मेणाचा दात कोरतो, धातू वितळवून ओततो, घासतो, चमकवतो आणि कॅप डॉक्टरांकडे रवाना करतो. तुम्ही आभार डॉक्टरांचे मानता. माना बापडे! आमच्या भागातली निम्मी माणसं माझ्या दातांनी हसतात आणि रस्त्यात मला ओळखतसुद्धा नाहीत.

तर अशा कसबी माणसाने मागणी घालायची अंगठी बाजारातून आयती आणायची? शक्यच नाही! अंगठी म्हणजे शेवटी काय? भोक पडलेली कॅप! मी आईला सांगून टाकलं, "अंगठी मी स्वतः करणार. मेणापासून हिऱ्यापर्यंत सगळं माझ्या हातचं."

"हिराही तूच करणार?" आईने विचारलं.

"हिरा निवडणार! रंग ओळखण्यात आयुष्य गेलंय माझं."

"मग चष्मावालीला एकदा तोंडाने विचार ना सरळ. अंगठीवाचून काय अडलंय?"

चष्मावाली म्हणजे समोरच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ती. सगळं ठरेपर्यंत मुलीचं नाव घ्यायचं नाही, असा आईचा नियम आहे, म्हणून घरात ती चष्मावालीच. माझा नंबर वर्षानुवर्षं तोच आहे, तरीही मी येताजाता तिच्याकडे डोळे तपासून घेत होतो. ते तिला कळत होतं. तिला कळतंय हे मलाही कळत होतं. पण बोलायचं कोणी, यावर गाडी अडली होती.

आणि अशात तिला दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. एक दिवस माझ्या डोळ्यांसमोर भिंगं बदलता बदलता ती म्हणाली, "मला महिनाअखेर उत्तर कळवायचंय. इथेच राहावं असं काही कारण आहे का?"

शहाण्या माणसाने तिथेच 'मी आहे' म्हटलं असतं. पण माझ्या डोक्यात अंगठीचा बेत शिजत होता! मी गूढ हसलो आणि म्हणालो, "बघू."

"बघू?" ती म्हणाली. मग तिने माझ्या डोळ्यांत टॉर्च जरा जास्तच जोरात मारला.

आता घाई करणं भाग होतं. पहिला प्रश्न बोटाच्या मापाचा. लोक यासाठी मुलीची जुनी अंगठी चोरतात. आपल्याला चोरीची काय गरज? आपला धंदाच मापाचा! मी तिला लॅबमध्ये बोलावलं आणि म्हणालो, "नवीन लगदा आलाय. चांगला आहे का बघायचंय. जरा बोट घाल."

"बोट? तोंडाचं सामान ना हे?"

"बोटाने जास्त चांगलं कळतं."

तिने बोट घातलं. लगदा घट्ट झाला. बोट बाहेर निघालं आणि त्या मापात मी प्लास्टर ओतलं. काय बोट उतरलं होतं म्हणून सांगू! रेघ न् रेघ, नख, पेरं, सगळं! ते मी वाळायला म्हणून घरी नेलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. सकाळी आईची किंकाळी ऐकूनच जाग आली.

"कुणाचं बोट आहे हे?"

"चष्मावालीचं."

आई मटकन खुर्चीत बसली. "नाही म्हणाली का रे ती?"

आईला समजावून, पाणी पाजून मी लॅबमध्ये आलो आणि आमच्या पद्धतीप्रमाणे साचा कापून घेतला. कॅप करताना आम्ही काम असेल तेवढाच भाग ठेवतो, बाकीचा करवतीने उडवतो. तसंच मी बोटाच्या मुळाशी जिथे अंगठी बसते तेवढा भाग ठेवला आणि वरचं सगळं कापून टाकलं. ही नेहमीची रीत आहे. मला तरी तिच्यात काही चूक दिसली नाही.

मग आला हिरा. आणि इथे खरा घोळ सुरू झाला.

आमच्या धंद्यात पांढऱ्या रंगासारखा दुसरा शत्रू नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, एकदम पांढरा दात द्या. दिला, की तो तोंडात ओरडतो, 'मी खोटा! मी खोटा!' खरा दात थोडा पिवळसर असतो. त्यात एखादी बारीक रेघ असते, कुठेतरी एखादा ठिपका असतो. तो ठिपका हुबेहूब काढता आला की समजावं, कारागीर तयार झाला. हे तत्त्व माझ्या हाडीमांसी मुरलेलं! तेव्हा हिरा कसा हवा, हे मी दुकानाची पायरी चढण्याआधीच ठरवलं होतं. हिरा तिच्या हसण्याशी जुळला पाहिजे!

त्यासाठी आधी तिच्या दातांचा रंग मिळवायला हवा होता. आमच्याकडे त्याच्या नमुन्यांची पट्टी असते. एका ओळीत नकली दात लावलेले, प्रत्येकाचा रंग वेगळा. तो नमुना खऱ्या दाताशेजारी धरायचा आणि रंग जुळवायचा. पण चोरून धरायचा कसा? मी नमुन्याचा एकेक दात मुठीत लपवून तिला विनोद सांगायला लागलो. ती हसली की मी तिच्या गालावरची माशी हाकलल्यासारखं करून दात तिच्या तोंडाजवळ न्यायचो.

"काय आहे?" ती विचारायची.

"माशी."

"परत माशी?"

"हल्ली फार झाल्यात."

शेवटी रंग सापडला. पट्टीवरच्या नंबराप्रमाणे ए-टू! ऊबदार, सायीसारखा, फार म्हणजे फारच सुंदर रंग. पण त्या शेवटच्या वेळी माझ्या मुठीतून नमुना निसटला आणि टप्पकन टेबलावर पडला. तिने तो उचलला, उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं.

"हा दात माझ्या तोंडाशी धरत होतास?"

"छे! खिशात राहिला असेल कालचा."

त्या दिवसानंतर ती हसेनाशी झाली. हसू आलंच तर तोंडावर हात ठेवायची. मग तर तिने मला भेटायचंच टाळलं. ती जायचं ठरवतेय, दुसरं काय! मी मनाशी म्हटलं, आता हिरा आणायलाच हवा.

हिरेवाल्या काकांचं दुकान म्हणजे शांत, गार, मखमली कारभार. काकांनी दिव्याखाली काळी मखमल पसरली, कागदाची पुडी उलगडली आणि चिमट्याने एक हिरा उचलून ठेवला.

"हा बघा. रंग म्हणाल तर नावाला नाही. आत डाग म्हणाल तर शोधून सापडणार नाही. नुसतं पाणी!"

मी भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. "नको. हा खोटा वाटतो."

काकांच्या हातातला चिमटा गळून पडला. "खोटा? माझ्या दुकानात?"

"खोटा आहे म्हणत नाही मी काका, खोटा वाटतो. फार पांढरा आहे. जरा थांबा, नमुना आणलाय." असं म्हणून मी खिशातून दातांची पट्टी काढली आणि मखमलीवर ठेवली.

शेजारी एक बाई कानातली बघत होत्या. त्या खुर्चीसकट मागे सरकल्या.

"साहेब," काका हळू आवाजात म्हणाले, "आम्ही दात घेत नाही."

"विकायला नाही हो! रंग जुळवायला. हा बघा, ए-टू. असा द्या."

काकांनी दुसरी पुडी सोडली. मी नमुना शेजारी धरला. "याहून पिवळा." तिसरी पुडी. "अजून थोडा." काकांनी घाम पुसला आणि म्हणाले, "याहून पिवळा मागणारं गिऱ्हाईक माझ्या वडिलांनीही पाहिलं नव्हतं." मग त्यांनी अगदी खालचा खण उघडून एक जुनाट पुडी काढली. कागद घड्यांवर विरला होता.

"हा एक आहे. पण आधीच सांगतो, नंतर कटकट नको. आत ठिपका आहे."

"ठिपका?" मी जागेवरून उठलोच. "कुठे? दाखवा, दाखवा!"

भिंगातून पाहिलं. एका कडेला, पैलूच्या आड, इवलासा ठिपका! आणि रंग? नमुना शेजारी धरला तर दोघं सख्खी भावंडं! "वा!" मी ओरडलो. "काय ठिपका आहे! हाच द्या!"

काकांनी आतून आपल्या भावाला बोलावलं. काम काही नव्हतं. मला बघायला बोलावलं! दोघं भाऊ माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. न मागता त्यांनी भावही उतरवला. पुडी बांधताना काकांचं मन त्यांना खाऊ लागलं असावं.

"मुलीला पसंत पडेल ना? नाहीतर बिनधास्त परत आणा," ते म्हणाले. भावाने त्यांना कोपराने ढोसलं. "म्हणजे, शक्यतो नकाच आणू."

आईने हिरा हातात घेऊन खिडकीशी नेला, खाली वर केला आणि विचारलं, "वापरलेला आहे का रे?"

"आई, हा तिच्या हसण्याचा रंग आहे!"

"हे तिला मात्र सांगू नकोस," आई म्हणाली. जन्मदात्रीचा हा एक सल्ला मी ऐकला असता, तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

अंगठी मात्र अशी झाली, की माझीच तिला दृष्ट लागावी! ओतकाम एका दमात जमलं. हिरा धरणाऱ्या नख्या मी कवळीच्या तारांसारख्या नाजूक काढल्या. साच्याच्या बुंध्यावर अंगठी चढवली तर मध्ये केसही शिरेना. आमच्याकडे याला म्हणतात फिटिंग!

महिनाअखेरच्या शनिवारी दुपारी मी तिच्या दुकानात गेलो. बाहेरच्या बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती आतल्या तपासणीच्या खोलीत होती. खोली अंधारी, समोर नुसती अक्षरांची पाटी उजळलेली. सवयीने मी तपासणीच्या खुर्चीत बसलो, सवयीने तिने विचारलं, "शेवटची ओळ दिसते?"

"मला तुझ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही," मी म्हणालो. "तू जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर." आणि डबी तिच्या हातात दिली.

मग डबी उघडल्याचा आवाज आला. "तू केलीस?" तिचा आवाज ओला झाला होता. अंधारातच तिने अंगठी बोटात सरकवली. मधल्या पेरावर ती अडली. तिने दात ओठ खाऊन जोर लावला. 'आई गं!' आणि अंगठी बसली! मग तिने टॉर्च लावला, हिऱ्यावर धरला आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसली.

मी दचकून खुर्चीत मागे गेलो. पांढरेशुभ्र दात! पांढरे म्हणजे कसे, तर नव्या वॉश बेसिनसारखे! आणि आयुष्यातल्या त्या सर्वात गोड क्षणी माझ्या तोंडून शब्द निघाला, "अरेरे!"

"काय म्हणालास?"

"दातांचं काय वाटोळं केलंस हे!"

टॉर्च आता माझ्या तोंडावर आला. "डॉक्टरांकडून पांढरे करून घेतले. तुझ्यासाठी! माझ्या तोंडाशी नकली दात धरून रंग बघत होतास ना? मला काय कळलं नाही? इतके पिवळे वाटत होते तर सरळ सांगायचं!"

"पिवळे कुठे? छान होते! मी तर फक्त हिऱ्यासाठी रंग जुळवत होतो!"

"हिऱ्यासाठी?" ती थांबली. तिने टॉर्च परत अंगठीवर नेला, डोळ्याला भिंग लावलं आणि हिरा नीट पाहिला. डोळे तपासणारीच ती, तिच्यापासून काय लपणार! "हा पिवळा आहे."

"ए-टू आहे."

"आणि आत काहीतरी आहे."

"ठिपका!" मी अभिमानाने म्हणालो. "मुद्दाम शोधून आणला!"

"म्हणजे अख्ख्या दुकानातला सगळ्यात पिवळा, डागाळलेला हिरा बघितलास आणि तुला माझी आठवण झाली?"

आता याला 'हो' म्हणावं तर पंचाईत, 'नाही' म्हणावं तर त्याहून पंचाईत. मी 'हो' म्हणालो.

"घे तुझी अंगठी!" ती कडाडली आणि अंगठी ओढली. अंगठी हलली नाही. पुन्हा ओढली. पेराशी येऊन थांबली. आणि त्या क्षणी मला माझी चूक दिसली! दात वर निमुळता असतो, त्यावर कॅप सरळ बसते. बोटाला मध्ये पेर असतं, आणि ते पेर मी करवतीने उडवून केरात टाकलं होतं!

"निघत नाहीये," ती म्हणाली.

"फिटिंग चांगलं आहे," मी म्हणालो. हे बोलायची काहीच गरज नव्हती.

मग चष्म्याची काच पुसायचं पाणी झालं, साबण झाला, दोरा गुंडाळून झाला. बाकावरचे आजोबा आत येऊन म्हणाले, "हात वर धर, पोरी, सूज उतरते." म्हणून ती हात वर धरून उभी राहिली. दुसऱ्या गिऱ्हाइकाने मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कोणी नाही." बोट लाल झालं होतं. आता एकच उपाय उरला होता.

आम्ही गल्ली ओलांडून लॅबमध्ये आलो. ती हात वर करून पुढे, मी मागे. तिला मी डोळ्यांवर लावायला जाड चष्मा दिला, बोट आणि अंगठीच्या मध्ये पत्र्याची पातळ पट्टी सरकवली आणि कापायची चकती हातात घेतली. चकती फिरायला लागली. हाताखालून शेकडो कॅपा गेल्या, हात कधी अडला नव्हता. आता चकती अंगठीपाशी न्यायचो आणि परत मागे घ्यायचो.

"एवढं काय सोन्याचं दुःख करतोस?" ती म्हणाली.

मी चकती बंद केली. "सोन्याचं नाही गं," मी म्हणालो. "तू जाशील याचं. माझं सगळं आयुष्य खोट्याला खरं दाखवण्यात जातं. मला खरं ओळखायची एकच खूण माहीत आहे. जे फार पांढरं, फार नितळ, ते खोटं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं घ्यायला गेलो होतो, म्हणून तसलं शोधलं. तू हसलीस की मला जे दिसायचं, ते मला त्या एका हिऱ्यात दिसलं. चुकलं माझं. पण मला तू हवी आहेस. दात कसेही असू देत."

मग मी अंगठी कापली. माझ्या हातची सगळ्यात सुंदर वस्तू चिमट्याने फाकवली आणि तिच्या बोटातून काढून टेबलावर ठेवली. तिने बोट चोळलं. जाड चष्मा कपाळावर सरकवला. दाराकडे पाहिलं.

"त्या दवाखान्याला मी परवाच 'येत नाही' म्हणून कळवलंय," ती म्हणाली. "तू विचारणार होतास हे काय मला ठाऊक नव्हतं? बोट लगद्यात घालायला लावलंस, मी काय दूधखुळी आहे?"

"म्हणजे हो?"

"हो. पण अंगठी सोनाराकडून करायची."

माझा चेहरा पडला. "आणि हिरा? तो काकांना परत..."

"हिरा हाच!" तिने कापलेली अंगठी उचलून मुठीत घट्ट झाकली. "माझ्या खऱ्या दातांचा रंग आता फक्त यातच उरलाय."

तर अशी ही गोष्ट. लग्न झालं. अंगठी सोनाराने केली, आणि सांगायला जड जातं, पण ती बोटात जाते आणि बोटातून निघतेसुद्धा. तिचे दात मात्र अजून लख्ख आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, हा पांढरेपणा काही कायमचा नाही. चहा जास्त पिणाऱ्यांचा तर लवकर उतरतो."

तेव्हापासून मी बायकोला उठसूट चहा करून देतो. कडक! सासूबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत असतात, "जावई मिळावा तर असा!"